रजिस्टरात मुली कुठे आहेत?

(कुडाळ येथे महिला गटांच्या आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला दिलेला विषय होता 'आईकडून बाळाला होणारी विषाणूंची लागण'. त्याला मी माझ्या मनाने एक प्रश्न जोडला आहे. ही लागण मुलीला आणि मुलग्याला सारखीच होते का? आणि सारखी होत नसेल, तर त्याच्याशी आपल्या चळवळीचा काय संबंध?

मध्यंतरी एका आशाताईने मला विचारलं, "ताई, पॉझिटिव्ह बाईच्या पोटात मुलगी असली तर तिला जास्त लागतं, असं मोबाईलवर आलंय. खरं की अफवा?" मी म्हटलं, अर्धं खरं आहे. आणि अर्धं खरं हे अफवेपेक्षा जास्त नुकसान करतं. म्हणून आज ते पुरतं सांगायचं ठरवलं.

आधी नावाचं बोलू. जगभर याला 'आईकडून बाळाला' असं म्हणतात. आपल्या देशातल्या सरकारी कार्यक्रमाला मात्र 'पालकांकडून बाळाला' असं नाव दिलं गेलं. हे चांगलं झालं. कारण 'आईकडून' म्हटलं की गोष्ट आईपासून सुरू होते, आणि आईला लागण कुठून झाली हा प्रश्न नावातच पुसून जातो. पण कागदावरचं नाव बदललं म्हणून घरातलं बोलणं बदलत नाही. गरोदरपणात रक्त तपासतात ते बाईचं. त्यामुळे घरात सगळ्यात आधी कळतं ते तिचं. नवऱ्याची तपासणी नंतर होते, कधी तो टाळतो, कधी तो मुंबईत असतो. मग जिचा रिपोर्ट आधी आला तिनेच आजार घरात आणला, असा सरळ हिशेब होतो. सासूबाई म्हणतात, "आमच्या झिलाक कायएक नव्हता." तपासलंच नाही तर असणार कसं दिसेल?

एच. आय. व्ही. चं मी जास्त बोलणार आहे, कारण मुलगी-मुलगा हा फरक तिथे सगळ्यात जास्त अभ्यासला गेला आहे. आपल्या देशात हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९८६ साली, मद्रासला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी तो शोधला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मराठी घरातल्या. या रोगाचा भारतातला इतिहास दोन बायकांच्या कष्टापासून सुरू होतो, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही, म्हणून सांगितलं.

आता लागण होते कशी? आईकडून बाळाकडे विषाणू जायच्या तीन वेळा आहेत. पोटात असताना वारेतून, बाळंतपणाच्या कळांच्या वेळी, आणि नंतर अंगावर पाजताना. काहीच उपाय केला नाही, तर अशा शंभर बाळांपैकी पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. याचा अर्थ उलट बाजूनेही वाचा. काही न करताही निम्म्याहून जास्त बाळं सुटतात. "पॉझिटिव्ह बाईचं मूल पॉझिटिव्हच" हे आजही गावात बोललं जातं, ते कधीच खरं नव्हतं. आणि आईचं औषध वेळेवर सुरू होऊन नीट चालू राहिलं, तर अंगावर पाजूनही हे प्रमाण शंभरात पाचाच्या खाली येतं. आईच्या रक्तातले विषाणू मोजता येणार नाहीत इतके कमी झाले, तर आणखी खाली.

हे इथवर यायला किती वर्षं लागली, आणि त्या वर्षांत बाईकडे कसं पाहिलं गेलं, यावर मला थोडं रेंगाळू द्या. १९९९ साली युगांडातल्या अभ्यासातून कळलं की कळा सुरू झाल्यावर आईला नेविरापिनची एक गोळी आणि जन्मानंतर बाळाला त्याच औषधाचा एक डोस दिला तर लागण बरीच कमी होते. स्वस्त, सोपं. आपल्याकडेही २००० नंतरच्या काळात तेच सुरू झालं. पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये, इथिओपिया आणि युगांडाच्या बरोबरीने, बाळाला एका डोसाऐवजी सहा आठवडे औषध देऊन पाहण्याचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. म्हणजे आज आपण जे सहा आठवड्यांचं औषध बाळाला पाजायला सांगतो, त्याच्यामागे आपल्याच राज्यातल्या बायका आणि त्यांची बाळं आहेत.

पण त्या एका गोळीकडे आईच्या बाजूने बघा. ती गोळी आईसाठी नव्हतीच. बाळ वाचावं म्हणून आईला दिली, आणि बाळंतपण झाल्यावर "जा घरी". तिच्या स्वतःच्या आजाराचं काय? उलट त्या एकाच डोसामुळे कित्येकींच्या अंगातला विषाणू त्या औषधाला दाद देईनासा झाला आणि पुढे त्यांना खरे उपचार मिळाले तेव्हा ते औषध कमी पडलं. बाई म्हणजे बाळ ठेवायची पिशवी, हा विचार शास्त्राच्या कागदातही शिरतो तो असा. आपल्या देशात २०१४ पासून ते बदललं. गरोदर बाई पॉझिटिव्ह निघाली की तिला लगेच औषध सुरू करायचं आणि ते आयुष्यभर द्यायचं, असं ठरलं. आई जगली तर मूल जगतं, हे साधं वाक्य धोरणात यायला इतकी वर्षं लागली.

आता मूळ प्रश्नाकडे येते.

२००४-०५ च्या सुमारास युरोपातल्या आणि आफ्रिकेत मलावीतल्या संशोधकांनी आपल्या नोंदी मुलगी-मुलगा अशा वेगळ्या करून पाहिल्या. जन्मतःच लागण झालेल्या बाळांत मुली जास्त निघाल्या. आकडा फिरून फिरून तसाच येऊ लागला. मग २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटात असतानाच लागण झालेली एकशे सत्तरहून जास्त बाळं त्यात होती. तिथे हिशेब असा निघाला की पोटात लागण होण्याचा धोका मुलींना मुलग्यांपेक्षा दीडपट ते दुपट्ट होता.

त्यांनी कारणही शोधलं. कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यात मुलगी दुबळी आहे असं काही नाही. उलटंच आहे. बाईच्या शरीराची विषाणूला ओळखून पहिला हल्ला करण्याची ताकद सहसा पुरुषापेक्षा जास्त असते. विषाणूला ओळखणाऱ्या एका महत्त्वाच्या पहारेकऱ्याची सूचना एक्स गुणसूत्रावर असते, आणि आपल्याकडे एक्स दोन आहेत. म्हणून लशीला बायकांचं शरीर जास्त चांगला प्रतिसाद देतं. ही जाग मुलीच्या शरीरात ती पोटात असल्यापासून असते. पण एच. आय. व्ही. हा असा चोर आहे की तो जाग्या झालेल्या पेशींतच शिरतो. पहारेकरी जितके जास्त उठून बसलेले, तितकी त्याला दारं जास्त. या संशोधकांनी लागण नसलेल्या आयांची जुळी बाळं घेतली, एक मुलगी एक मुलगा. दोघांच्या नाळेतल्या रक्ताच्या पेशी प्रयोगशाळेत तपासल्या. आई एक, पोट एक, दिवस एक. तरी मुलीच्या पेशी जास्त जाग्या होत्या आणि प्रयोगशाळेत त्यांना लागण जास्त झाली. आणि मुलींमध्ये जो विषाणू शिरला तो वाढीला मंद पण शरीराच्या पहिल्या माऱ्याला न जुमानणारा निघाला.

आता दुसरी बाजू. मुलगे पोटात जास्त नाजूक असतात, हे डॉक्टर आधीपासून सांगतात. तेव्हा असंही असू शकतं की लागण झालेले काही मुलगे जन्मापर्यंत पोचतच नाहीत, गर्भपात होतो, आणि म्हणून जन्माला आलेल्यांत मुली जास्त दिसतात. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात. शिवाय हा फरक पोटातल्या लागणीचा आहे. अंगावरच्या दुधातून होणाऱ्या लागणीत तो असा एकसारखा दिसत नाही.

आत्ता मागून एका काकींनी विचारलं, की फक्त एच. आय. व्ही. चंच असं आहे का? नाही. हेपटायटिस सी नावाची यकृताची लागण आहे. त्यातही युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून २००५ मध्ये सांगितलं की आईकडून लागण होण्याचं प्रमाण मुलींत मुलग्यांच्या जवळपास दुप्पट आहे. दोन वेगळ्या विषाणूंचं एकाच दिशेला बोट जातं, तेव्हा दखल घ्यावी लागते. हेपटायटिस बी चं मी मुलगी-मुलगा काही सांगणार नाही. तिथे एकच गोष्ट लक्षात ठेवा. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बाळाला लस मिळालीच पाहिजे. पाचवीची पूजा होईपर्यंत थांबायचं नाही. सटवाई कपाळावर काय लिहायचं ते लिहील, लस आपण आधी टोचून घेऊ.

तर इथवर शास्त्र झालं. आता माझं म्हणणं ऐका, त्याच्यासाठीच मी आले आहे.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतली हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या ८९४ होती. आपण एक ढोबळ गणित करू. समजा पॉझिटिव्ह आयांच्या पोटी मुलगे-मुली याच प्रमाणात जन्मल्या आणि दोघांनाही लागण अगदी सारखी झाली. तर लागण झालेल्या शंभर मुलांत ५३ मुलगे आणि ४७ मुली असायला हव्यात. आता समजा मुलींना धोका दीडपट आहे. तर शंभरात ५७ मुली हव्यात. सगळी लागण काही पोटातच होत नाही, म्हणून खरा आकडा या दोन्हींच्या मधे कुठेतरी असेल. म्हणजे उपचारांच्या रजिस्टरात शंभरामागे ४७ पासून ५७ पर्यंत मुली दिसायला हव्यात.

दिसतात का? भारतातल्या रुग्णालयांनी बालरुग्णांवरच्या एच. आय. व्ही. उपचारांचे जे अहवाल प्रसिद्ध केले आहेत, त्यांतले कित्येक उघडून बघा. मुलगे शंभरात पंचावन्न, साठच्या घरात. मुली चाळीस, पंचेचाळीस.

बाकीच्या मुली कुठे गेल्या?

विषाणूने तर त्यांना सोडलेलं नाही. मग त्या तपासल्या गेल्या नाहीत, किंवा तपासल्या पण उपचारांपर्यंत आणल्या नाहीत, किंवा आणायच्या आधी गेल्या. चौथी शक्यता मला सुचत नाही. तुम्हाला सुचली तर सांगा.

आणि जाणं ही गोष्ट लांबची नाही. उपचार मिळाले नाहीत तर लागण झालेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी दोन वर्षांच्या आत जातात, असं आफ्रिकेतल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशेबातून दिसलं आहे. उलट २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासाने दाखवलं, की बाळ आजारी पडायची वाट न बघता पहिल्या काही आठवड्यांत औषध सुरू केलं, तर बाळांचे मृत्यू तीन चतुर्थांशाने कमी होतात. तेव्हा "बघू पुढच्या महिन्यात, काजूचा हंगाम संपला की नेऊ" हे वाक्य बाळाच्या जिवावरचं आहे.

बाळाची तपासणी कशी होते ते सगळ्यांना माहीत असेल असं नाही, म्हणून थोडक्यात. मोठ्या माणसाची जी साधी रक्ततपासणी होते ती बाळाला चालत नाही, कारण आईच्या शरीरातली प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. ती तपासणी बाळाची नाही, आईचीच होईल. म्हणून सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते कागदी कार्डावर वाळवतात आणि लांबच्या प्रयोगशाळेत पाठवतात. तिथे थेट विषाणू शोधतात. त्यानंतर सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा तपासणी, आणि दीड वर्षाला शेवटचा निकाल. म्हणजे एक बाळ निदान चार वेळा दवाखान्यात आणावं लागतं. प्रत्येक खेप म्हणजे एस. टी. चं भाडं, बुडालेली मजुरी, आणि शेजारणीला सांगायचं एक नवीन खोटं. चार खेपांपैकी एक जरी गळली तरी मूल हातातून सुटतं. आणि खेप गाळायची वेळ आली, की कुठल्या मुलाची गाळली जाते?

याचं उत्तर द्यायला संशोधन लागत नाही. ताप आल्यावर मुलग्याला खाजगी डॉक्टरकडे आणि मुलीला काढा, हे आपण प्रत्येक गावात पाहिलं आहे. आणि आपल्याकडे त्याला एक गोड शब्द आहे. "चेडवाक काय जाता?" मुलगी चिवट असते, तिला काही होत नाही. यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर ते इतकं टिकलं. तान्ह्या मुली तान्ह्या मुलग्यांपेक्षा खरोखरच जरा काटक असतात. पण काटक असणं म्हणजे लागण न होणं नव्हे. मी आत्ताच सांगितलं, तिचं शरीर जास्त जागं असतं आणि लागण तिलाच जास्त होते. ती रेंगाळत, बारीक तापात, सांगण्यासारखं काही न होता वाढते, आणि कुणाला शंका येत नाही.

माझ्या कामातलं एक घर सांगते. गाव सांगणार नाही. वडील गेल्यावर आईची तपासणी झाली, ती पॉझिटिव्ह. धाकटा मुलगा सारखा आजारी, म्हणून त्याला तपासलं, तोही पॉझिटिव्ह. त्याचे उपचार सुरू झाले, आजीने त्याला दर महिन्याला न चुकता नेलं. मोठी मुलगी नऊ वर्षांची, पाणी भरायची, भांडी घासायची, भावाला सांभाळायची. तिला कुणी तपासलं नाही. आजी म्हणाली, "ती बरी आसा." दवाखान्यातही, "या मुलाला भावंडं किती, त्यांची तपासणी झाली का?" असं कुणी विचारलं नाही. तेराव्या वर्षी मुलीला टी. बी. झाला तेव्हा कळलं. आज ती औषधावर आहे, शिकते आहे. पण चार वर्षं ती भावाची औषधं वेळेवर द्यायचं काम करत होती, आणि तीच औषधं तिलाही लागत होती.

आता आपल्या जिल्ह्याचं वेगळेपण बघा. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ बाया होत्या. रत्नागिरी सोडली तर राज्यात असं कुठे नव्हतं. बाहेरचे लोक म्हणतात, वा, कोकणात स्त्रियांना मान आहे! मान कसला, पुरुष मुंबईला गेलेत. सहा वर्षांच्या आतल्या मुलांचं प्रमाण पाहिलं तर आपल्याकडेही मुली मुलग्यांपेक्षा कमीच आहेत. तेव्हा मोठ्या आकड्यावर भुलायचं नाही.

या येण्याजाण्यामुळे बाळं कशी हरवतात ते सांगते. सून मुंबईत, नाव नोंदवलं तिकडच्या दवाखान्यात, तिसऱ्या महिन्यात रक्त तपासलं तिकडे. सातव्या महिन्यात ओटी भरून ती माहेरी कुडाळला किंवा मालवणला येते. बाळंतपण इकडे. सहा आठवडे होतात न होतात तोच नवरा न्यायला येतो. सहा आठवड्यांची तपासणी कुणी करायची? इकडचं रजिस्टर म्हणतं, मुंबईला गेली. मुंबईचं रजिस्टर म्हणतं, गावी गेली. बाळ दोन्ही रजिस्टरांच्या मधल्या रेल्वेगाडीत आहे. त्यात ते बाळ मुलगी असेल तर गाडीतून कुणी हाक मारून सांगणार नाही.

आणखी एक. तिसऱ्या महिन्यातला निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे नऊ महिन्यांची हमी नव्हे. गणपतीला घरधनी येतो, शिमग्याला येतो. लागण नवी असते तेव्हा रक्तात विषाणू फार जास्त असतात, आणि त्या काळात पोटातल्या किंवा अंगावरच्या बाळाला धोका सगळ्यात मोठा. म्हणून शेवटच्या तिमाहीत पुन्हा तपासणीची गोष्ट काढा, आणि नवऱ्याच्या तपासणीचीही. हे बोलताना चाकरमान्याला खलनायक करू नका. मुंबईत खोलीत आठजण राहून तो घर चालवतो. गोव्याला जाणारा, ट्रकवर जाणारा, बोटीवर जाणारा, सगळे तसेच. त्याला दोषी ठरवलंत तर तो तपासायला येणार नाही, आणि मग पुन्हा सगळं बाईच्या माथी.

आता त्या मोबाईलवरच्या अर्ध्या सत्याकडे. "मुलींना जास्त लागतं" एवढंच वाक्य गावात फिरलं तर त्याचं काय होईल, हे तुम्ही मी सांगायची गरज नाही. कुणीतरी विचारणारच, "मग आधी बघून घेता येणार नाही का?" महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी लिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, तो आपल्यासारख्याच गटांनी रस्त्यावर येऊन करवून घेतला. देशाचा कायदा १९९४ चा. या नव्या शास्त्राला त्या जुन्या दुकानाचं दार उघडू द्यायचं नाही. आणि त्यासाठी भाषणाची गरज नाही, साधं उत्तर पुरेल. आईचं औषध नीट चालू असेल तर मुलगी आणि मुलगा हा फरक उरतच नाही इतकी लागण कमी होते. पोटात काय आहे ते बघायचं नाही, आईच्या गोळ्यांचा डबा बघायचा.

२०२४ मध्ये त्याच दक्षिण आफ्रिकेतून आणखी एक बातमी आली. जन्मापासून लगेच औषध सुरू केलेल्या २८४ बाळांवर नजर ठेवली होती. त्यांतल्या पाच मुलांच्या औषधात खंड पडूनही विषाणूने रक्तात डोकं वर काढलं नाही. पाचही मुलगे. डॉक्टरांना आशा वाटते की यातून पुढे कधी कायमचा इलाज सापडेल. मला आनंद आहे. पण मी एक नोंदवून ठेवते, की इलाजाचा रस्ता मुलग्यांच्या शरीरावरून शोधला जाईल आणि मुली त्यात मोजल्याच गेल्या नाहीत, तर तो इलाज अर्ध्यांचा होईल. आणि ही बातमी ऐकून कुणी औषध थांबवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको ना?

आता कामाचं. आपण काय मागायचं?

आपण आकडे मागायचे, नावं नाहीत. जिल्ह्यात पॉझिटिव्ह आयांना किती बाळं झाली, त्यात मुली किती. सहा आठवड्यांची तपासणी कितींची झाली, मुली किती. रिपोर्ट घरापर्यंत पोचला कितींचा. दीड वर्षाचा शेवटचा निकाल कितींचा लागला. उपचार सुरू किती, आणि दोन वर्षांनंतर त्यांतली किती अजून औषधं घेतात. प्रत्येक पायरीवर मुलगी-मुलगा वेगळं. कुठल्या पायरीवर मुली गळतात ते त्याशिवाय दिसणार नाही. माहितीच्या अधिकारात हे मागता येतं.

पण इथे फार जपायला हवं, आणि यावर माझं तुमच्यातल्या काहींशी भांडणही झालं आहे. तालुक्याचा आकडा मागू नका. एका तालुक्यात वर्षाला एकदोनच बाळं असतील, तर "एक मुलगी, दोडामार्ग" एवढं छापलं की गाव त्या घराच्या दारात उभं राहील. जिल्ह्याचा आकडा मागा, तोही पाच वर्षांचा एकत्र. २०१७ चा एच. आय. व्ही. कायदा २०१८ पासून लागू आहे. माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायची नाही, असं तो सांगतो. तो कायदा आपल्यालाही लागू आहे, चांगल्या हेतूने काम करणाऱ्यांनाही. त्याच कायद्यात राहत्या घरातून बाहेर न काढलं जाण्याचा हक्क आहे, आणि लागण झालेल्या घरातल्या मुलांच्या मालमत्तेचं संरक्षण आहे. विधवा सुनेला मुलीसकट माहेरी पाठवून जमीन दिरांच्या नावावर करायचा उद्योग चालतो, तिथे हा कायदा उपयोगी पडतो. त्यावर एकदा वेगळी बैठक घ्यायला हवी.

आशाताईंना एक विनंती. बाळंतिणीच्या भेटीत सगळ्यांनाच, पॉझिटिव्ह असो नसो, एकच वाक्य म्हणा: "बाळ सहा आठवड्यांचं झालं की कुठे असेल? मुंबईत की इथे?" सगळ्यांना विचारलंत तर कुणाकडेच बोट जात नाही. उत्तर मुंबई असलं, तर ज्या बाईला गरज आहे तिच्या हातात समुपदेशकाकडून तिकडच्या केंद्राचं पत्र पडायला हवं, गाडीत बसायच्या आधी. आणि उपचार घेणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मागे, त्याच्या बहिणी किती आणि त्यांची तपासणी झाली का, हा प्रश्न समुपदेशकांनी विचारावा अशी लेखी मागणी आपण करायची.

अर्जाचा मसुदा मी मराठीत करून आणला आहे, दोन पानं आहेत. ओरोसला जिल्हा रुग्णालयात द्यायचा आहे. चहा झाला की तो मोठ्याने वाचू. ज्यांना सही करायची नाही त्यांनी करू नये, त्यांना कारण विचारलं जाणार नाही.